नॉर्थ प्लॅट : एक रेल्वेनगर व त्याचे रहिवासी

नॉर्थ प्लॅट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रॅस्का राज्याचे एक लहान शहर व लिंकन परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या २३,३९० (२०२०). ओमाहाच्या पश्चिमेस सुमारे ४५० किमी. अंतरावर, नॉर्थ प्लॅट व साउथ प्लॅट या दोन नद्यांच्या संगमाजवळ ते वसले आहे. हे दोन प्रवाह एकत्र आल्यावर त्यांस प्लॅट नदी असे नाव मिळते. समुद्रसपाटीपासून शहराची उंची सुमारे ८५० मी. आहे. ‘युनियन पॅसिफिक’ या रेल्वे कंपनीने १८६६ मध्ये त्याची स्थापना केली आणि तेव्हापासून आजतागायत त्याचे जीवन रेल्वेशी निगडित राहिले आहे. अमेरिकेत रेल्वेने वसविलेली शेकडो गावे आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा इतिहास दोन-चार वाक्यांत संपतो. नॉर्थ प्लॅटचा इतिहास मात्र दोन परस्परविरोधी कारणांसाठी अभ्यसनीय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या गावाने रेल्वेने जाणाऱ्या साठ लाखांवर सैनिकांचे स्वखर्चाने आतिथ्य केले. त्यापूर्वी काही वर्षे याच गावाने आपल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना घालवून दिले होते. या दोन्ही घटना एकत्र पाहिल्याखेरीज रेल्वेनगरातील समाजजीवनाची यथार्थ कल्पना येत नाही.

स्थापना : पूर्व व पश्चिम किनारे लोहमार्गाने जोडण्याची योजना अमेरिकन यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत आखली गेली. १ जुलै १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वे अधिनियमावर स्वाक्षरी केली. या अधिनियमान्वये कंपन्यांना सरकारी कर्जरोखे व मार्गाच्या दोन्ही बाजूंस एकाआड एक भूखंड मिळावयाचे होते; १८६४ च्या दुरुस्तीने जमिनीचे प्रमाण दुप्पट करण्यात आले. ओमाहाहून पश्चिमेकडे मार्ग टाकण्याचे काम युनियन पॅसिफिककडे आले. १८६६ च्या मे महिन्यात ग्रेनव्हिल डॉज यांनी मुख्य अभियंत्याची सूत्रे हाती घेतल्यानंतर या कामास वेग आला आणि त्या वर्षाच्या अखेरीस रूळ दोन नद्यांच्या संगमापर्यंत पोहोचले. हिवाळ्यामुळे काम थांबवावे लागल्याने हे ठिकाण काही महिने मार्गाचे अंतिम स्थानक ठरले. मजूर, मालगाड्यांचे गाडीवान, व्यापारी, जुगारी व दारूविक्रेते यांची येथे एकच गर्दी उसळली. तंबू व फळ्यांच्या खोपटांची ही वसाहत बांधकामाबरोबर पुढे सरकत जाई. तिला लोकांनी ‘चाकांवरचा नरक’ असे नाव दिले होते. १८६७ च्या उन्हाळ्यात रूळ पश्चिमेस जूल्सबर्गकडे गेले, तशी ही वस्तीही सामानासह उठून गेली व मागे केवळ काही शे माणसे उरली.

ज्या भूमीवर हा मार्ग टाकण्यात आला, ती निर्जन नव्हती. प्लॅटचे खोरे हे पॉनी, लकोटा व शायेन या आदिवासी जमातींचे निवासाचे व शिकारीचे क्षेत्र होते. लोहमार्गाने गव्यांचे कळप व त्यांवर अवलंबून असलेले जीवन धोक्यात येणार, हे त्यांस उघड दिसत होते. ऑगस्ट १८६७ मध्ये शायेन योद्ध्यांनी प्लम क्रीकजवळ (सध्याचे लेक्सिंग्टन) रूळ उखडून एक मालगाडी पाडली. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १८६७ मध्ये, संघराज्य सरकारच्या शांतता आयोगाने नॉर्थ प्लॅट येथे आदिवासी प्रमुखांशी वाटाघाटी केल्या. आयोगात जनरल विल्यम शर्मन होते, तर आदिवासींच्या बाजूने बोलणाऱ्यांत ब्रूले लकोटा प्रमुख स्पॉटेड टेल हे अग्रगण्य होते. आपल्या प्रदेशातून जाणारे मार्ग बंद करावेत, ही आदिवासींची मुख्य मागणी होती. प्लॅटच्या खोऱ्यातील लोहमार्ग मात्र थांबला नाही. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमंटरी येथे पूर्वेकडील व पश्चिमेकडील रूळ जोडले गेले. तात्पर्य, नॉर्थ प्लॅटच्या जन्मकाळीच, येथे कोणी राहावे व कोणी जावे हे लोहमार्गाने ठरविण्यास आरंभ केला होता.

विभागस्थानक व गावाची घडण : वसाहत उठून गेल्यावरही नॉर्थ प्लॅट टिकले, याचे कारण बाष्प इंजिनाच्या मर्यादांत आहे. त्या काळी इंजिनाला वरचेवर पाणी व कोळसा घ्यावा लागे. ठराविक अंतरानंतर इंजिन बदलावे लागे, आगपेटीतील राख काढावी लागे, चाके व सांधे यांत वंगण घालावे लागे. ड्रायव्हर, फायरमन व गार्ड यांची पाळीही बदलत असे. यासाठी कंपनीने सुमारे दोनशे किमी. अंतराने विभागस्थानके ठेवली होती. पूर्वेस ग्रँड आयलंड व पश्चिमेस सिडनी यांच्या दरम्यान नॉर्थ प्लॅट हे असे स्थानक होते. तेथे इंजिनशेड, दुरुस्तीचे कारखाने, कोळशाचे धक्के व पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. प्रत्येक गाडी येथे थांबत असे. हा सक्तीचा थांबा हेच गावाचे भांडवल होते.

गावाचा दिनक्रमही कंपनीच्या वेळापत्रकाने ठरे. दूरध्वनी सर्रास नव्हते, तेव्हा गाडीवर जाणाऱ्या कामगारांना उठविण्यासाठी कंपनीची मुले रात्री-अपरात्री घरोघर दारे ठोठावीत. या कामावर वयाच्या चौदाव्या वर्षी लागलेला एक मुलगा पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला. विल्यम जेफर्स (१८७६–१९५३) हे त्याचे नाव. आयरिश स्थलांतरित रेल्वे मजुराचा हा मुलगा नॉर्थ प्लॅट येथेच जन्मला होता. १९३७ ते १९४६ या काळात तो युनियन पॅसिफिकचा अध्यक्ष होता. गावाच्या पुढील इतिहासात त्याचा संबंध पुन्हा येतो.

रेल्वेखेरीज गुरांची पैदास व शेती हे आसपासच्या प्रदेशाचे मुख्य व्यवसाय होत. शहर शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताच्या पश्चिमेस, कमी पावसाच्या मैदानात असल्याने शेतीला कालव्यांचा आधार घ्यावा लागला. बीट, मका व गवत ही पिके वाढली. ‘बफलो बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेला विल्यम कोडी याने शहराजवळ कुरण घेऊन १८८६ मध्ये मोठे घर बांधले. ४ जुलै १८८२ रोजी त्याने नॉर्थ प्लॅट येथे भरविलेल्या घोडेस्वारीच्या व कसरतींच्या खेळांतून त्याच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या प्रयोगाची कल्पना विकसित झाली. त्याच्या कुरणावरील घर आता राज्याचे ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन करण्यात आले आहे.

रहिवासी व वर्णभेद : रेल्वेनगरात कामाप्रमाणे माणसांचे थर पडत. ड्रायव्हर व गार्ड यांचे स्थान वरचे. कारखान्यातील कारागीर त्याखालचे. रूळ दुरुस्त करणारे गँगमन सर्वांत खालचे. या थरांना वंशभेदाची जोड होती. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड इत्यादींच्या प्रमुख संघटनांनी आपल्या घटनांद्वारे कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गँगमनांच्या कामावर जपानी मजूर आले. त्यांपैकी अनेकांनी पुढे बीटच्या शेतांवर काम करीत नॉर्थ प्लॅटच्या खोऱ्यात स्वतःची कुटुंबे वसविली.

शहरातील कृष्णवर्णीयांची वस्ती लहान होती. १३ जुलै १९२९ रोजी एका कृष्णवर्णीय इसमाने एका पोलीस अधिकाऱ्यास गोळी घातली व तो अधिकारी मरण पावला. जमावाने त्या इसमास एका घरात वेढले आणि तेथेच त्याचा अंत झाला. प्रकरण येथे संपावयास हवे होते. परंतु जमावाने शहरातील सर्व कृष्णवर्णीयांना निघून जाण्याचे फर्मावले. तत्कालीन वृत्तांनुसार सुमारे २०० माणसे घरे व सामान मागे टाकून, मिळेल त्या गाडीने व पायी शहराबाहेर पडली. एका व्यक्तीच्या कृत्यासाठी संपूर्ण समाजास शिक्षा देण्याची ही पद्धत त्या काळी अमेरिकेच्या अनेक लहान गावांत रूढ होती. दक्षिणेकडील राज्यांपुरती ती मर्यादित नव्हती, हे या घटनेवरून स्पष्ट होते. शहराच्या गौरवपर इतिहासांत या प्रसंगास दीर्घकाळ स्थान मिळाले नाही.

डिसेंबर १९४१ : पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हल्ला केला, तेव्हा तो रविवार होता. त्या दिवशी नॉर्थ प्लॅटमध्ये दोन अटका झाल्या. पहिली हिरम हिसानोरी कानो यांची. ते १९१६ मध्ये नेब्रॅस्कात आले होते, राज्याच्या विद्यापीठात त्यांनी कृषिविषयक उच्च शिक्षण घेतले होते व एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू म्हणून ते जपानी कुटुंबांत काम करीत होते. पुढे त्यांना निरनिराळ्या स्थानबद्धता छावण्यांत ठेवण्यात आले. १९४४ मध्ये त्यांची सुटका झाली. दुसरी अटक जपानी-अमेरिकन नागरिक संघाचे कार्यकर्ते माइक मासाओका यांची. ते त्या वेळी एका चर्चमध्ये जपानी वंशाच्या रहिवाशांची सभा घेत होते. या सभेस बेन कुरोकी (१९१७–२०१५) हा शेजारच्या हर्शी गावचा शेतकऱ्याचा मुलगा उपस्थित होता. तो व त्याचा भाऊ सैन्यात भरती होण्यासाठी नॉर्थ प्लॅटच्या भरती केंद्रात गेले, पण तेथे दाद न लागल्याने त्यांना ग्रँड आयलंडला जावे लागले. कुरोकीने पुढे यूरोपात ३० व जपानवर २८ हवाई मोहिमांत भाग घेतला. त्याला २००५ मध्ये सैन्याचे विशेष सेवापदक देण्यात आले.

या अटकांनंतर दहा दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, नेब्रॅस्का राष्ट्रीय रक्षक दलाची ‘डी’ कंपनी गाडीने पश्चिमेकडे जाणार असल्याची वार्ता गावात पसरली. आपल्या मुलांना भेटण्यासाठी काही शे लोक खाऊ, सिगारेटी व भेटवस्तू घेऊन स्थानकावर जमले. गाडी आली, तिच्यात ‘डी’ कंपनीच होती, परंतु ती कॅन्ससची. क्षणभर कोणास काय करावे ते सुचेना. मग आणलेल्या वस्तू त्या अनोळखी मुलांनाच देण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी रे विल्सन या औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणीने स्थानिक वृत्तपत्रास पत्र लिहिले. तिचा भाऊ नेब्रॅस्काच्या त्या कंपनीत होता. जी गाडी येईल तिच्यातील सैनिकांसाठी उपाहारगृह चालवावे, अशी तिची सूचना होती व त्या कामासाठी स्वतः राबण्याची तिने तयारी दर्शविली. जेफर्स यांच्या संमतीने स्थानकातील जागा उपलब्ध झाली. २५ डिसेंबर १९४१ रोजी, नाताळच्या रात्री, पहिल्या गाडीचे स्वागत झाले.

उपाहारगृहाचे कार्य : या कार्याची मांडणी समजून घेण्याजोगी आहे. गाडी इंजिनाची निगा व पाणी यांसाठी सुमारे दहा मिनिटे थांबे. तेवढ्या वेळात शेकडो तरुण डब्यांतून उतरून, फलाट ओलांडून, टेबलांपाशी खाऊन-पिऊन परत जागेवर बसले पाहिजेत, अशी व्यवस्था हवी होती. सैनिकी गाड्यांची ये-जा गुप्त असल्याने त्यांच्या वेळा जाहीर करता येत नसत. रेल्वे कचेरीतून ‘कॉफीचे भांडे चुलीवर चढले आहे’ अशा आशयाची सांकेतिक वर्दी मिळाली, की स्त्रिया कामास लागत. सँडविच, उकडलेली अंडी, केक, डोनट, दूध, कॉफी व फळे मांडली जात. वाचावयास मासिके असत. ज्याचा वाढदिवस असेल त्यास केक दिला जाई. रानकोंबड्यांच्या मांसाची सँडविचे ही येथील विशेष ओळख झाली होती. सैनिकांकडून कशाचेही पैसे घेतले जात नसत.

१९४० मध्ये नॉर्थ प्लॅटची लोकसंख्या केवळ १२,४२९ होती. दिवसाला दोन डझनांपर्यंत गाड्या व हजारो सैनिक यांचा भार एवढ्या गावास पेलणे अशक्य होते. म्हणून आसपासच्या गावांनी दिवस वाटून घेतले. नेब्रॅस्का व कोलोरॅडो येथील मिळून सुमारे १२५ गावे व वस्त्या या कामात सहभागी झाल्या; स्वयंसेवकांची एकूण संख्या सुमारे ५५,००० भरते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आपल्या पाळीच्या दिवशी एखाद्या खेड्यातील स्त्रिया पहाटे उठून, कित्येक किमी. अंतर मोटारीने किंवा गाडीने तोडून, आदल्या रात्री भाजलेले केक व उकडलेली अंडी घेऊन येत. १९४२ पासून साखरेवर व काही काळ कॉफीवरही नियंत्रण होते. पुष्कळ कुटुंबांनी आपल्या शिधापत्रिकेवरील साखर या केकांसाठी बाजूला ठेवली. सरकारी अनुदान नव्हते. भंगार विकून, नृत्यसमारंभ व लिलाव करून निधी उभारला जाई. एक लहान मुलगा तर जनावरांच्या लिलावात स्वतःच्या अंगातील सदरा विकून पैसे जमवीत असे. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी पाच डॉलरची देणगी पाठविली होती.

अमेरिकेचे सैन्य तेव्हा वंशानुसार विभागलेले होते. ही विभागणी रद्द करण्याचा आदेश जुलै १९४८ मध्ये निघाला. उपाहारगृहात मात्र येणाऱ्या प्रत्येक सैनिकास, तो कोणत्याही वर्णाचा असो, सारखेच खाणे दिले जात होते. ज्या शहरातून बारा वर्षांपूर्वी कृष्णवर्णीय कुटुंबांना घालविण्यात आले, त्याच शहराच्या फलाटावर कृष्णवर्णीय सैनिकास कॉफी मिळे. यात शहराचे हृदयपरिवर्तन झाले असे मानणे घाईचे ठरेल. दहा मिनिटांनी निघून जाणाऱ्या पाहुण्याचे स्वागत करणे आणि शेजारी म्हणून एखाद्यास कायमचे स्वीकारणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्याचबरोबर, या स्वागताचे मोल कमी लेखणेही अन्याय्य होईल. ज्या स्त्रियांची स्वतःची मुले व भाऊ अन्य कोणत्या तरी गाडीने युद्धावर जात होते, त्यांनी परक्यांच्या मुलांना रात्रंदिवस खाऊ घातले. त्यांपैकी किती परतणार, हे त्यांना कधीच कळणार नव्हते.

उपाहारगृह १ एप्रिल १९४६ रोजी बंद झाले. सुमारे ५१ महिन्यांत साठ लाखांवर सैनिकांनी त्याचा लाभ घेतला. युद्ध खात्याने १९४३ मध्ये या कार्याचा विशेष पुरस्काराने गौरव केला होता.

युद्धोत्तर काळ : बाष्प इंजिनांची जागा डीझेल इंजिनांनी घेतली आणि थांब्याचे मूळ कारणच नाहीसे झाले. डीझेल इंजिनाला वारंवार पाणी नको, राख काढणे नको. एकोणीसशे पन्नासच्या दशकाअखेर युनियन पॅसिफिकवरील बाष्पयुग जवळजवळ संपले. प्रवासी मोटारी व विमाने यांकडे वळले. १ मे १९७१ रोजी ॲमट्रॅक या राष्ट्रीय महामंडळाने प्रवासी वाहतूक हाती घेतली, तेव्हा नॉर्थ प्लॅटला गाडी उरली नाही. स्थानकाची इमारत १९७३ च्या नोव्हेंबरात पाडण्यात आली. साठ लाख माणसांच्या स्मृतीत राहिलेली वास्तू अशा रीतीने बंद झाल्यावर सत्तावीस वर्षांतच नाहीशी झाली. त्या जागी स्मृतिशिला असून परगण्याच्या इतिहास संग्रहालयात उपाहारगृहाचे दालन आहे.

रेल्वेने मात्र शहर सोडले नाही. शहराच्या पश्चिमेस मालवाहतुकीसाठी मोठे यार्ड वाढत गेले. कंपनीचे माजी अध्यक्ष एड बेली यांचे नाव त्यास देण्यात आले. सुमारे १३ किमी. लांबीचे व २,८५० एकर (सु. १,१५० हेक्टर) क्षेत्राचे हे बेली यार्ड जगातील सर्वांत मोठे रेल्वे यार्ड म्हणून ओळखले जाते. मालाच्या वाघिणी कृत्रिम उंचवट्यावर ढकलून, उतारावरून गुरुत्वाकर्षणाने निरनिराळ्या रुळांवर सोडण्याची व नवीन गाड्या बनविण्याची पद्धत येथे अवलंबिली जाते. वायोमिंगमधील पावडर नदीच्या खोऱ्यातील कोळसा हा दीर्घकाळ येथील वाहतुकीचा मोठा भाग होता. २०१० नंतरच्या दशकात कोळशाची मागणी घटली आणि कंपनीने कामाच्या पद्धती बदलल्या, तेव्हा येथील कामगारांच्या संख्येतही कपात झाली. बाष्पयुग संपले तरी दूरच्या कचेरीतील निर्णयावर गावाचे भवितव्य अवलंबून असण्याची स्थिती बदललेली नाही. २००८ मध्ये यार्डालगत आठ मजल्यांचा निरीक्षण मनोरा उघडण्यात आला.

मूल्यमापन : रेल्वेनगराच्या इतिहासात कंपनी, अभियंते व इंजिने यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे तेथे राहणाऱ्यांस मिळत नाही. नॉर्थ प्लॅटचे उदाहरण दाखविते, की रेल्वेने गावास केवळ एक संधी दिली. ती म्हणजे थांबलेली गाडी. त्या दहा मिनिटांचे काय करावयाचे, हे गावकऱ्यांनी ठरविले, आणि त्यांनी जे केले ते अमेरिकेच्या युद्धकालीन नागरी जीवनातील एक उत्कृष्ट पर्व होय. परंतु कोण गावचा व कोण परका, हेही त्यांनीच ठरविले. १९२९ मध्ये घालविलेली कुटुंबे व ७ डिसेंबरला अटकेत गेलेले धर्मगुरू हेही याच गावचे रहिवासी होते. जून २०१८ मध्ये आर्कॅन्सॉ राष्ट्रीय रक्षक दलाचे सुमारे ७०० सैनिक बसगाड्यांनी शहरातून जात असता रहिवाशांनी जुन्या परंपरेस अनुसरून त्यांच्या भोजनाची व्यवस्था केली. ही परंपरा शहराने अभिमानाने जपली आहे. तिच्या शेजारी त्या निघून गेलेल्यांचीही नोंद ठेवली गेली, तरच शहराचा इतिहास पूर्ण होईल.